शाळेच्या डायरीत न छापलेले नियम

जूनमध्ये नव्या वह्या-पुस्तकांबरोबर शाळेची डायरी घरी येते. पहिली दोन पानं नियमांची. खाली ओळ असते, 'वरील सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत', आणि पालकाच्या सहीसाठी रेघ. ही सही बहुतेक घरांत सकाळी डबा भरता भरता उभ्या उभ्या होते. वर्गशिक्षक म्हणून अशा शेकडो सह्या मी गोळा केल्यात. वाचून केलेल्या किती असतील, हे न विचारलेलंच बरं.

मग सप्टेंबरात कधीतरी मुलगी रडवेली होऊन घरी येते. उशीर झाला म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुंपते. निम्म्यांचं म्हणणं, आमच्या वेळी छडी होती म्हणून आम्ही घडलो. उरलेल्यांचं म्हणणं, असं करताच येत नाही, कायदा आहे. कायदा नेमका काय म्हणतो, हे दोघांपैकी कुणीच उघडून पाहिलेलं नसतं.

घोळ डायरीपासूनच सुरू होतो. 'नखं कापलेली असावीत', 'पंचाहत्तर टक्के हजेरी आवश्यक', 'मोबाइल आणल्यास जप्त केला जाईल' हे सगळं एकाच ठशात, एकाखाली एक छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं वजन सारखं. प्रत्यक्षात काही नियम संसदेच्या कायद्यातून येतात, काही शासन निर्णयातून म्हणजे जीआरमधून, काही परीक्षा मंडळाचे असतात आणि बरेचसे मुख्याध्यापकांनी किंवा संस्थेने आपल्या सोयीने घातलेले असतात. त्याहून मोठी गोम अशी की डायरीत फक्त मुलांनी काय करायचं ते असतं. शाळेवर जे नियम बंधनकारक आहेत, ते त्या दोन पानांत सहसा सापडत नाहीत. म्हणजे पालक अर्ध्याच यादीवर सही करतात.

उरलेली अर्धी यादी मुख्यतः बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 या कायद्यात आहे. बोलताना आपण त्याला आरटीई म्हणतो आणि 'आरटीईचा प्रवेश' म्हणजे खासगी शाळेतल्या 25 टक्के राखीव जागा, एवढाच अर्थ घेतो. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला हा कायदा सहा ते चौदा वयाच्या, म्हणजे पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे आणि त्यातली बहुतेक कलमं मोठ्यांना बांधून घालतात. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये यातून बाहेर ठेवलं. मारहाणीवर इतर फौजदारी कायदे तिथेही लागू आहेतच.)

कलम 17 घ्या. कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. केल्यास शिक्षकावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. छडी तर गेलीच. उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, उन्हात मैदानाला फेऱ्या हेही शारीरिक शिक्षेतच येतं. मानसिक छळाचा भाग मात्र स्टाफरूममध्ये अजून नीट पोचलेला नाही. 'तुझ्या घरचे असेच का रे सगळे?' हे वाक्य वर्गासमोर म्हणणं, मार्कांवरून मुलांच्या रांगा लावणं, फी भरली नाही म्हणून नाव वाचून उभं करणं यात हात उचललेला नसतो. पण मूल ते दहावीनंतरही विसरत नाही.

कलम 16 म्हणतं की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. त्यामुळे सहावीतल्या मुलाच्या डायरीत 'गैरवर्तन केल्यास नाव कमी करण्यात येईल' असं छापलेलं असेल, तर तो नियम कागदावरच राहतो. नापास न करण्याची तरतूदही याच कलमात होती. 2019 मध्ये संसदेने ती बदलली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन नापास मुलांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने 2023 मध्ये ती स्वीकारली. नापास झालेल्या मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी मिळते, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात बसवता येतं. शाळेतून काढून टाकण्यावरची बंदी मात्र तशीच आहे. 'ढकलपास बंद झालं' या बातमीत हा अर्धा भाग राहून गेला होता.

शिक्षकाच्या हातात मग उरलं काय? हा प्रश्न माझे सहकारी चिडून विचारतात आणि तो खोटा नाही. कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. शहरातल्या कितीतरी वर्गांत साठ मुलं दाटीवाटीने बसलेली असतात. साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरच्या तिघांना शांतपणे समजावायला वेळ कुठून आणायचा? तरीही हातात बरंच काही आहे. जागा बदलणं, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं एकट्याला बोलावणं, पालकांना चिठ्ठी, मॉनिटरपद काढून घेणं, तोडलेलं बाक दुरुस्त होईपर्यंत सुतारकाकांच्या हाताखाली थांबायला सांगणं. हे हळूहळू चालणारं काम आहे. छडी लगेच 'लागू पडते' असं वाटतं, कारण वर्ग तात्काळ गप्प बसतो. तो कशामुळे गप्प बसला, ते पाहायला कुणी थांबत नाही.

आता ज्या नियमावरून सगळ्यात जास्त वाद होतात, तो जवळून पाहू: उशिरा येणं. समजा शाळा 10:40 ची. 10:35 ला पहिली घंटा, मग परिपाठ, आणि परिपाठ सुरू झाला की फाटक बंद. पलीकडच्या गावातून एसटीने येणारी आठवीतली मुलगी 10:50 ला फाटकाशी पोचते. तिच्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. बस वेळेवर सोडणं तिच्या हातात नाही. शिपाईमामा म्हणतात, सरांचा हुकूम आहे. ती बाहेर उभी राहते, किंवा स्टँडवर परत जाते. हजेरीपटावर गैरहजेरी लागते. घरी वाटतं मुलगी शाळेत आहे, शाळेला वाटतं ती घरी आहे, आणि ती दिवसभर दोन्हीकडे नाही.

वक्तशीरपणा शिकवायला केलेल्या नियमातून ती मुलगी काय शिकली? उशीर झाला तर शाळेकडे फिरकायचंच नाही. त्या वेळात रस्त्यात काही झालं तर जबाबदार कोण, याचं उत्तर त्या हुकमात नसतं. याच नियमाची बरी आवृत्ती अगदी साधी आहे. फाटकाशी एक वही ठेवायची. नाव, वर्ग, आल्याची वेळ, कारण. मुलाला आत घ्यायचं, परिपाठ संपेपर्यंत ओट्यावर बसवायचं, मग वर्गात सोडायचं. एकाच आठवड्यात तीनदा नाव आलं तर वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा. महिनाभरात वहीच सांगते की कोण झोपेमुळे उशिरा येतं, कोण एसटीमुळे, आणि कोण सकाळी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येतं. या तिन्हींना एकच शिक्षा देण्यात काय अर्थ?

वेळेचा नियम सरकारही बदलतं. सकाळी सातच्या शाळेत लहान मुलं पेंगतात, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, बसच्या फेऱ्या, आईवडिलांच्या ड्युट्या यांचा मेळ घालताना मुख्याध्यापकांची तारांबळ उडाली, ते वेगळं.

नियमांबरोबर डायरीत 'आमची मूल्ये' असंही एक पान असतं. महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं ठरलेली आहेत: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. जुन्या शाळांच्या जिन्यात ती पायरीगणिक रंगवलेली दिसतात. यातली शेवटची दोन सांभाळायला डायरीत डझनभर नियम असतात, कारण ती मोजता येतात. बूट पॉलिश आहेत की नाही, दिसतं. संवेदनशीलतेसाठी नियम शोधून पाहा.

त्यातल्या त्यात श्रमप्रतिष्ठेचे सगळ्यात जास्त हाल होतात. वर्गसफाईची पाळी लावतात ती चांगलीच गोष्ट. पण झाडू मुलींच्या हातात आणि बाकं उचलायला मुलं, अशी वाटणी झाली की फळ्यावर लिहिलेली स्त्री-पुरुष समानता तिथेच पुसली जाते. त्याहून वाईट म्हणजे गृहपाठ केला नाही म्हणून 'आज तू वर्ग झाडायचा'. ज्या कामाची प्रतिष्ठा शिकवायची, तेच शिक्षा म्हणून दिलं तर मूल एवढंच शिकतं की झाडणं हे हरलेल्याचं काम. ही शिक्षा आमच्यातले भले भले शिक्षक अगदी सद्हेतूने देतात. मला विचाराल तर डायरीत एक ओळ छापायला हवी: सफाईची पाळी हजेरी क्रमांकाने, मुलगा-मुलगी भेद नाही, शिक्षा म्हणून कधीच नाही.

परिपाठाचंही तसंच. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत म्हणून 'जय जय महाराष्ट्र माझा', प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. पंधरा-वीस मिनिटांत एवढं बसवायचं म्हणजे सगळं धावत होतं. 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच छापलेली असते, पण ती लिहिली कुणी हे त्या पानावर नसायचं. पैडीमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने 1962 मध्ये ती लिहिली. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. वर्षानुवर्षं ती म्हणणाऱ्यांनाही हे नाव क्वचितच माहीत असतं. त्या प्रतिज्ञेत प्रत्येकाशी सौजन्याने वागण्याचं वचन आहे. 'प्रत्येकाशी' यात खिचडी वाढणाऱ्या ताई येतात, शिपाईमामा येतात, आणि शिक्षकही तीच प्रतिज्ञा म्हणत उभे असतात तेव्हा मुलंही येतात.

मूल्य आणि नियम यांचा सांधा कुठे बसतो, हे पाहायला सर्वोच्च न्यायालयाचा 1986 चा बिजोए इमॅन्युएल खटला फार उपयोगी आहे. केरळमधली तीन भावंडं यहोवाचे साक्षीदार या पंथातली. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने त्यांना काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मान राखून उभं राहणाऱ्या मुलाने राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून अपमान झाला असं होत नाही, असा निकालाचा आशय. आदर हे मूल्य आणि 'सर्वांनी मोठ्याने म्हणावे' हा नियम, यात न्यायालयाने मूल्याची बाजू घेतली. शाळेत नियम राबवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल एकदा वाचावा. सहिष्णुतेचा धडा निबंधात लिहिणं सोपं असतं.

दप्तर आणि गृहपाठाचं थोडक्यात सांगतो. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, हा आकडा राज्याच्या 2015 च्या शासन निर्णयात आहे आणि केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणातही. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, असंही म्हटलंय. हे धोरण आहे, कायद्याचं कलम नाही, त्यामुळे त्यावरून कुणाला दंड होत नाही. वजन कमी व्हावं म्हणून राज्याने 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकाचे भाग पाडले आणि आत कोरी पानं घातली. मुलांनी वह्याही आणल्याच. 2025 च्या सुरुवातीला ती योजना गुंडाळली.

मोबाइलचा नियम बहुतेक ठिकाणी शाळेचा स्वतःचा असतो, आणि तो शाळेने करणं योग्यच आहे. प्रश्न जप्तीनंतर येतो. फोन कार्यालयात जमा करावा, नोंद ठेवावी, पालक आले की परत द्यावा. फोन उघडून मुलांचे मेसेज वाचणं शिक्षकाचं काम नाही. मेसेजमध्ये गंभीर काही आहे असा संशय असेल तर पालक आणि मुख्याध्यापक समोर बसवूनच बोलावं.

फीबाबतही न छापलेले नियम आहेत. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन अधिनियम 2011 चा. त्यानुसार खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे आणि फीवाढ या समितीपुढे ठेवायची. सोडतीच्या दिवशी बोलवायला गेलं की पालकांना ऑफिस असतं, हेही मी पाहिलंय. शासकीय आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते; तिच्यात 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला हव्यात. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हे फलकावर लिहिलेलं असतं. एकदा थांबून वाचावं.

सुरक्षेच्या नियमांत मात्र सवलत, समजुती काही चालत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी कैद होऊ शकते. 'शाळेचं नाव जाईल, आपसांत मिटवू' असं म्हणणारा माणूस स्वतः गुन्हा करत असतो. राज्यातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी असा शासन निर्णय मार्च 2022 मध्ये आला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि चोवीस तासांत वरिष्ठांना कळवण्याचं बंधन यांचा आदेश निघाला. पालकसभेत दोन गोष्टी विचाराव्यात: तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे, आणि ती शेवटची कधी उघडली. उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्यावरून बरंच कळतं.

एखादा नियम खटकला तर काय करायचं? ग्रुपवर लिहिण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा. दहातल्या आठ गोष्टी तिथेच सुटतात. नाही सुटली तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज. काय घडलं, कधी, काय हवंय, एवढंच, एका पानात. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज शाळेच्या लेखी दिलेलाच नसतो. त्यापुढे केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. अर्जात 'हा नियम कोणत्या शासन निर्णयानुसार आहे, कृपया कळवावे' असं एक वाक्य घाला. नियम शाळेचा स्वतःचा असेल तर तो तिथेच सैल होतो, वरून आलेला असेल तर त्याची प्रत मिळते.

दाखल्याचंही लक्षात ठेवा. आठवीपर्यंतच्या मुलाने शाळा बदलली तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून पुढची शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे आरटीईच्या कलम 5 मध्ये आहे.

नववी-दहावीला पालकांनी खरंच घाबरावं असे नियम दोन. पहिला हजेरीचा. दहावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के उपस्थिती लागते. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर कमी हजेरीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, पण त्याला कागद लागतात. म्हणून 'बाई ओळखतात आपल्याला' यावर न राहता रजेचा अर्ज आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्या त्या वेळीच द्या.

दुसरा डायरीत कुठेच नसतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात जशी लिहिली आहे, तशीच ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, आणि तिथून पुढे सगळ्या कागदांवर. मूल शाळेत आहे तोवर पुरावे जोडून दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवता येतो. दाखला हातात पडल्यावर तेच काम महाकठीण होऊन बसतं. 'कुलकर्णी'तला ऱ्हस्व-दीर्घ, आधारवर 'सुनीता' आणि रजिस्टरमध्ये 'सुनिता', मधल्या नावात वडिलांच्या नावापुढे चिकटलेलं 'राव' अशा चुका दर वर्षी निघतात आणि जून-जुलैत अकरावीच्या प्रवेशाला धावाधाव होते. मूल आठवीत गेलं की एकदा कार्यालयात जा, क्लार्कना विनंती करून रजिस्टरमधली ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी आधार कार्डाशी ताडून पाहा, आणि चूक दिसली तर दहावीचा फॉर्म भरायच्या आधी अर्ज देऊन टाका.